दुसऱ्या संस्थेच्या लॉगिनवर भरवसा ठेवायचा तो नक्की कशाच्या जोरावर?

पारंबी

नमस्कार मंडळी,

काही संशोधन संस्था मिळून एक सामायिक डेटा-भांडार उभं करताहेत. संस्था १५, त्यांना जोडायच्या सेवा साधारण १०. लॉगिनचं काम माझ्याकडे आहे. कुणालाही नवा पासवर्ड द्यायचा नाही, ज्याने त्याने आपल्याच संस्थेच्या खात्याने आत यायचं, एवढं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तंत्राची काळजी नाही. एका ठिकाणच्या लॉगिनची ग्वाही दुसरीकडे पोचवायची दोन प्रमाणं आहेत: सॅमल २.० हे २००५ चं, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं. दोन्ही चांगली मुरलेली आहेत. माणूस सेवेकडे येतो, सेवा त्याला त्याच्या संस्थेकडे पाठवते, संस्था ओळख पटवून सही केलेला निरोप देते, सेवा तो तपासून त्याला आत घेते.

गाडी अडलीय ती वेगळ्याच ठिकाणी. बैठकीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्यांनी आपापलं सर्टिफिकेट (सही तपासायची किल्ली असलेली छोटी फाईल) एकमेकांना मेलने पाठवा, सही जुळली की झालं. दुसरा म्हणतो, प्रत्येक संस्थेचा प्रत्येक सेवेशी वकिलांनी तपासलेला करार झाल्याशिवाय एकही लॉगिन सुरू करायचं नाही.

माझं दोन्हींनी समाधान होत नाही. सही जुळली म्हणजे निरोप त्या संस्थेच्या किल्लीने निघाला, एवढंच कळतं. तिने हा माणूस कधी नीट तपासला होता का, काम सोडून गेलेल्यांची खाती ती बंद करते का, तिचा सर्व्हर फुटला तर आपल्याला कळवणार का, यातलं काहीच सहीत नसतं. आणि करारात हे सगळं लिहिलं तरी दर लॉगिनला करार उघडून कोण बघणार?

ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

तळटीप

आधी हिशेब मांडू. १५ संस्था गुणिले १० सेवा म्हणजे १५० जोड्या. प्रत्येक जोडीला सर्टिफिकेटची देवाणघेवाण, प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येक संस्थेतला संपर्काचा माणूस वेगळा. हे पहिल्या वर्षी जमतं. किल्ल्या बदलायची वेळ आली की कुणीतरी एकजण राहून जातो, आणि सोमवारी सकाळी एका संस्थेच्या सगळ्या लोकांना "सही अवैध" असा संदेश दिसतो. मेलने सर्टिफिकेट पाठवण्याची पद्धत इथेच कोसळते. शिवाय मेल खरंच त्या संस्थेकडून आला होता हे कुणी तपासलं, हा प्रश्न आहेच.

विद्यापीठांच्या जगाने यावर फार पूर्वी उत्तर काढलं. अमेरिकेत इनकॉमन हे फेडरेशन, म्हणजे एकमेकांची लॉगिनं मानणाऱ्या संस्थांचा गट, २००४ मध्ये सुरू झालं, ब्रिटनचं २००६ मध्ये. कल्पना अशी की मध्ये एक नोंदणी करणारी यंत्रणा असते, तिला फेडरेशन ऑपरेटर म्हणतात. प्रत्येक संस्था आणि प्रत्येक सेवा एकदाच तिच्याकडे नोंद करते. १५० जोड्यांऐवजी २५ नोंदी. ऑपरेटर सगळ्या नोंदींची एक मेटाडेटा फाईल करतो, तिच्यावर स्वतःची सही करतो, आणि सगळे ती फाईल ठराविक वेळाने उतरवून घेतात.

त्यातली एक नोंद जवळून बघा. सुरुवातीला संस्थेच्या लॉगिन व्यवस्थेचं जगात एकमेव असणारं नाव. मग ही नोंद कोणत्या ऑपरेटरने केली ते. मग सही तपासायचं सर्टिफिकेट. किल्ली बदलताना काही दिवस जुनं आणि नवं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात, म्हणजे वरची सोमवारची वेळ येत नाही. मग माणसाला नेमकं कुठे पाठवायचं ते पत्ते. मग ही संस्था कोणत्या डोमेनच्या माणसांबद्दल बोलू शकते ते. आणि शेवटी संपर्क: तांत्रिक, प्रशासकीय आणि सुरक्षेचा. पारंबी, तुम्हाला सहीत जे सापडत नाहीये त्यातलं बरंचसं या नोंदीत बसतं.

कवडसा

मी या विषयात नवा आहे, एक शंका. मेटाडेटातली सर्टिफिकेटं बहुतेक वेळा संस्थेने स्वतःच स्वतःला दिलेली असतात असं पाहिलंय, आणि काहींची तर मुदतही संपलेली असते. ब्राउझर असं सर्टिफिकेट बघून लाल पडदा दाखवतो. मग इथे ते कसं चालतं?

तळटीप

कवडसा, शंका अगदी योग्य आहे. इथे सर्टिफिकेटचं काम फक्त किल्ली वाहून नेण्याचं. ती किल्ली अमुक संस्थेची आहे, ही ग्वाही फाईलवरच्या ऑपरेटरच्या सहीतून येते. त्यामुळे सर्टिफिकेटवर कुणाचा शिक्का आहे याला महत्त्व उरत नाही, आणि त्यावर छापलेली मुदत बरीच सॉफ्टवेअरं या कामापुरती बघतही नाहीत. मुदत असते ती फाईलला. प्रत्येक फाईलवर "इथपर्यंतच वैध" अशी तारीख असते, सहसा काही दिवस किंवा फार तर काही आठवडे पुढची. तारीख उलटली की ती फाईल वापरायची नाही.

ही मुदत छोटी ठेवण्यामागे कारण आहे. एखाद्या संस्थेची किल्ली चोरीला गेली तर ऑपरेटर तिची नोंद काढून नवी फाईल काढेल. पण जुनी फाईल अजूनही वैध असेल तर हल्लेखोर ती सेवेच्या गळी उतरवू शकतो. मुदत जितकी लांब, तितका काळ काढून टाकलेली संस्था जिवंत राहते. आणखी एक: ऑपरेटरची स्वतःची सार्वजनिक किल्ली मात्र पहिल्या वेळी वेगळ्या वाटेने पडताळून घ्या, फोनवर तिचा ठसा (किल्लीवरून काढलेली अक्षर-आकड्यांची छोटी ओळ) वाचून किंवा समोरासमोर. बाकीचा सगळा डोलारा त्या एका पडताळणीवर उभा असतो.

दीपमाळ

तळटीप यांचं मांडणं उत्तम. मी डोमेनच्या मुद्द्यावर थांबते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे होतं.

संस्था क ची सही पूर्णपणे खरी आहे. त्या सहीखाली निरोप आला की "हा माणूस संस्था ख चा संचालक आहे". सेवेने काय करायचं? सही तर जुळली. म्हणून प्रत्येक नोंदीत स्कोप लिहितात: संस्था क फक्त आपल्या डोमेनच्या ओळखी देऊ शकते. सेवेने निरोपातली ओळख त्या स्कोपशी ताडून बघायची, आणि जुळली नाही तर फेकून द्यायची. मी अशा सेवा पाहिल्यात ज्या सही काटेकोर तपासतात पण स्कोप बघतच नाहीत. तिथे सगळ्यात कमकुवत संस्थेचा हल्लेखोर सगळ्यात मोठ्या संस्थेचा प्रशासक बनून आत येऊ शकतो.

ही निव्वळ पुस्तकी भीती नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत उघड झालेलं प्रकरण बघा. हल्लेखोरांच्या हाती २०१६ ची एक सही करण्याची किल्ली लागली. ती सामान्य ग्राहकांच्या खात्यांसाठी होती, पण संस्थांच्या मेलसेवेने तिच्या सहीची टोकनं, म्हणजे लॉगिनचे निरोप, स्वीकारली, कारण ही किल्ली कोणत्या प्रकारच्या खात्यांबद्दल बोलू शकते ही तपासणी नीट होत नव्हती. सुमारे २५ संस्थांची मेल वाचली गेली. सही खरी होती, फक्त बोलणाऱ्याने आपल्या हद्दीबाहेर बोललं होतं.

म्हणून पारंबी, तुमच्या दोन्ही तटांना माझा एकच प्रश्न असेल: "भरवसा आहे का?" हे विचारू नका, "कोणत्या बाबतीत आणि कुठपर्यंत?" हे विचारा. संस्था क ला तिच्या माणसाचं नाव, मेल, ती व्यक्ती विद्यार्थी की कर्मचारी एवढं सांगायचा अधिकार द्या. भांडारात कुणी काय उघडायचं ते सेवेने ठरवावं. "याला संवेदनशील डेटा दाखवा" असं कोणत्याही घरच्या संस्थेच्या निरोपावरून होता कामा नये.

मधलीवाट

दीपमाळताईंशी पूर्ण सहमत. मी तपासणीच्या दर्जाबद्दल लिहितो.

दोन संस्था "हा आमचा कर्मचारी" असंच म्हणतात. एकीने रुजू होताना ओळखपत्र समोर बघितलेलं असतं, दुसरीने वेबवरचा फॉर्म भरून घेऊन खातं उघडलेलं असतं. निरोप अक्षरशः सारखा. हा फरक निरोपातच कळावा म्हणून रेफेड्सने, म्हणजे शिक्षण-संशोधनातल्या फेडरेशनच्या जागतिक गटाने, २०१८ मध्ये ॲशुरन्सची (खात्रीच्या दर्जाची) चौकट काढली. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे एकच ढोबळ गुण न देता तिने मुद्दे सुटे केले. माणसाची ओळख किती कसून तपासली हा एक. दिलेला ओळखक्रमांक नंतर दुसऱ्याला देणार नाही याची हमी हा दुसरा. आणि तिसरा, "कर्मचारी" हा शिक्का किती ताजा: माणूस गेल्यावर एका महिन्यात निघतो की एका कामकाजाच्या दिवसात. पारंबीताई, सोडून गेलेल्यांच्या खात्यांचा तुमचा प्रश्न होता, त्याचं यंत्राला वाचता येणारं उत्तर हेच.

अमेरिकेच्या निस्ट या सरकारी प्रमाणसंस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात असंच केलं. ओळख तपासण्याचा दर्जा, लॉगिनचा दर्जा आणि निरोप पोचवण्याचा दर्जा अशा तीन वेगळ्या पट्ट्या केल्या. भक्कम दुहेरी लॉगिन असलेलं खातं मुळात चुकीच्या माणसाच्या हाती दिलेलं असू शकतं, हे त्यामुळे लपत नाही.

राष्ट्रांच्या पातळीवर बघायचं तर युरोपचा २०१४ चा ९१० क्रमांकाचा नियम, म्हणजे आयडास. कमी, पुरेसा आणि उच्च असे तीन दर्जे. एखाद्या देशाने आपली ओळखयोजना इतरांसाठी पुढे केली की बाकीचे देश तिची तपासणी करतात, आणि मगच ती यादीत येते. २९ सप्टेंबर २०१८ पासून ती मान्य करणं बंधनकारक झालं. त्यात नुकसानीची जबाबदारी कुणाची हेही लिहिलंय. योजना पुढे करणाऱ्या देशाने आपलं काम हलगर्जीपणे केलं तर त्याने भरपाई द्यायची. तुमच्या १५ संस्थांना एवढं जड काही लागणार नाही, पण तपासणी बरोबरीच्यांनी करायची ही कल्पना उचलण्यासारखी आहे. वर्षातून एकदा संस्था क ने संस्था ख ची खाते-उघडण्याची पद्धत जाऊन बघावी. कागदावरच्या प्रश्नावलीत जे लपतं ते तिथल्या कर्मचाऱ्याशी अर्धा तास बोललं की कळतं.

पारंबी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कोपचा मुद्दा मी आजच टिपणात घेतला.

एक अडचण. १५ पैकी तीन संस्था फार छोट्या आहेत. तिथे संगणकाचं सगळं काम एकच व्यक्ती बघते. उच्च दर्जाची अट सगळ्यांना लावली तर त्या बाहेर पडतील, आणि त्यांच्याकडचा डेटा या भांडारात सगळ्यात मोलाचा आहे. मला त्यांना बाहेर ठेवायचं नाही.

दीपमाळ

त्यांना बाहेर ठेवू नकाच. दर्जाची अट सभासदत्वाला लावली की असं होतं. ती सेवेला लावा. सभासद व्हायला किमान दोन-तीन गोष्टी पुरेत, आणि संवेदनशील डेटासेट उघडताना सेवेने वरचा दर्जा मागावा. छोट्या संस्थेतल्या ज्या चार जणांना तो डेटा लागतो त्यांचीच ओळख कसून तपासली जाईल. संस्थेतल्या बाकीच्यांची खाती जशी आहेत तशी चालतील.

मधलीवाट

इथे माझा थोडा मतभेद. किमान अटी दोन-तीनच ठेवा हे मान्य, पण त्यातली एक कधीही सोडू नका: काही बिघडलं तर कळवणं.

२०११ चं डिजिनोटारचं प्रकरण आठवा. ही सर्टिफिकेटं देणारी डच कंपनी. घुसखोरी झाली, ५०० च्या वर खोटी सर्टिफिकेटं निघाली, त्यात गूगलच्या नावाचंही होतं. कंपनीला जुलैमध्येच कळलं होतं, पण ती गप्प बसली. ऑगस्टच्या शेवटी बाहेरून उघड झालं तेव्हा ब्राउझरवाल्यांनी तिला यादीतून काढलं आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. फुटणं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. फुटल्यावर ज्याने तोंड उघडलं नाही त्याच्यावर कुणी पुन्हा विसंबत नाही.

फेडरेशनच्या जगात यासाठी सर्टफी नावाची चौकट आहे. मागण्या साध्या: सुरक्षेचा संपर्क दिलेला असेल, त्यावर आलेल्या निरोपाला उत्तर मिळेल, घटनेत दुसऱ्या सभासदांना मदत कराल, नोंदी जपून ठेवाल, गोपनीय माहिती ठरलेल्या मर्यादेतच वाटाल. संस्था स्वतःच जाहीर करते की आम्ही हे पाळतो, आणि तसा शिक्का मेटाडेटात येतो. एकट्या माणसाच्या संस्थेलाही हे जमतं, कारण यात यंत्रं विकत घ्यायची नाहीत, फोन उचलायचा आहे.

रानवाट

सुरक्षा घटनांचं काम मी करते, म्हणून नोंदींबद्दल थोडं.

संस्थेच्या लॉगिन सर्व्हरमधून सही करण्याची किल्लीच चोरली, तर हल्लेखोर आपल्या जागेवर बसून हवे तेवढे निरोप बनवू शकतो. पासवर्ड लागत नाही, दुहेरी लॉगिन आडवं येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या संस्थेच्या सर्व्हरवर त्याची कुठलीही नोंद होत नाही, कारण सर्व्हरला कुणी विचारलेलंच नसतं. २०१७ मध्ये या पद्धतीचं जाहीर वर्णन झालं तेव्हापासून तिला गोल्डन सॅमल म्हणतात, आणि २०२० च्या सोलरविंड्स प्रकरणात (त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अनेक संस्थांमध्ये झालेली घुसखोरी) ती प्रत्यक्ष वापरली गेली.

हे पकडायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवणं. सेवेकडे लॉगिन दिसतंय, निरोपाचा क्रमांक आहे, वेळ आहे. संस्थेकडे त्याच क्रमांकाचा निरोप दिल्याची नोंद नाही. म्हणजे निरोप दुसऱ्याच कुणी घडवला. पण हे जमायला दोन्ही बाजूंनी निरोपाचा क्रमांक साठवलेला हवा, दोघांची घड्याळं जुळलेली हवीत, आणि संस्था क च्या माणसाने संस्था ख च्या माणसाला नोंदी मागितल्या तर "आधी व्यवस्थापनाची परवानगी आणा" असं उत्तर यायला नको. ही परवानगी शांत काळात लिहून घ्या. कुठल्या घटनेत कोणती नोंद किती वेळात द्यायची, एवढं एक पान पुरतं.

सराव पण करा. वर्षातून दोनदा ऑपरेटरने सगळ्या सुरक्षा-संपर्कांना चाचणीचा मेल पाठवायचा आणि कोण किती वेळात उत्तर देतं ते बघायचं. काही पत्ते नोकरी सोडून गेलेल्यांचे निघतात. म्हणून संपर्कात व्यक्तीचा मेल देऊ नका, पदाचा द्या.

कवडसा

ओपनआयडी फेडरेशन नावाचं नवं काही आलंय असं वाचलं. त्यात ती मोठी फाईल लागत नाही म्हणे. मग पारंबी यांनी सरळ तेच का घेऊ नये?

तळटीप

कवडसा, छान विचारलंत. मोठ्या फाईलचा त्रास खरा आहे. एज्युगेन हे २०११ पासून देशोदेशीच्या फेडरेशनना जोडणारं जाळं आज सत्तरहून जास्त फेडरेशनचं आहे. ती एकत्र फाईल इतकी मोठी होते की छोटा सर्व्हर ती वाचतानाच दमतो. त्यावर एक उपाय सॅमलमध्येच निघाला: हवी ती एकच नोंद विचारून घ्यायची.

ओपनआयडी फेडरेशनमध्ये प्रत्येकजण आपल्या वेबपत्त्याखाली ठरलेल्या जागी स्वतःबद्दलचं सही केलेलं निवेदन ठेवतो, आणि माझ्या वर कोण आहे ते सांगतो. वरचा सांगतो, "हो, हा माझा, ही त्याची किल्ली". त्याच्याही वर कुणी असेल तर तो तसंच सांगतो, करत करत साखळी शेवटच्या ट्रस्ट अँकरपर्यंत, म्हणजे सगळ्यांनी आधीच मानलेल्या मुळापर्यंत, जाते. सेवेला फक्त अँकरची किल्ली आधीपासून माहीत असावी लागते. वरचा खालच्याला अटीही घालू शकतो, म्हणजे दीपमाळ म्हणतात तशी हद्द साखळीतच लिहिता येते. शिवाय अमुक नियम पाळतो असे सही केलेले ट्रस्ट मार्क आहेत. इटलीच्या राष्ट्रीय डिजिटल ओळखीत हे वापरलं आहे.

पण १५ संस्था आणि १० सेवांना माझा सल्ला सही केलेली साधी फाईलच. तुमच्या २५ नोंदींची फाईल कुणालाही डोळ्यांनी वाचता येईल, आणि पहिल्या वर्षी ते फार कामाला येतं. साखळीचं तंत्र पुढे स्वीकारता येईल. नोंदणी करताना समोरच्याला कसं तपासायचं ते दोन्हीकडे तुम्हालाच ठरवायचंय, आणि खरी मेहनत तिथे आहे. एज्युगेनमध्येही प्रत्येक फेडरेशन आपण नोंदणी कशी करतो याचं निवेदन जाहीर करतं: अर्ज करणाऱ्याला त्या संस्थेतर्फे बोलायचा अधिकार आहे हे कसं पडताळलं, डोमेन त्यांचंच आहे हे कसं बघितलं. असं दोन पानी निवेदन तुम्ही सगळ्यात आधी लिहा.

पारंबी

हे सगळं घेऊन मी बैठकीत असा मसुदा ठेवतेय. करार एकच, प्रत्येक सभासदाचा फेडरेशनशी. जोडीजोडीने करार नाहीत, त्यामुळे वकिलांच्या तटाचं कामही एका मसुद्यात आटपतं. नोंदणी करताना डोमेनची पडताळणी आणि संस्थाप्रमुखाने नेमलेल्या व्यक्तीशी व्हिडिओवर बोलणं. प्रत्येक सेवेला स्कोपची तपासणी सक्तीची, आणि मुद्दाम चुकीच्या डोमेनची ओळख पाठवून ती सेवा नकार देते का, हे बघितल्याशिवाय तिला यादीत घ्यायचं नाही. सर्टफीच्या अटी सगळ्यांना. दर्जाची मागणी डेटासेटनिहाय. फाईलची मुदत एक आठवडा.

एक गोष्ट राहिलीय. एखादी संस्था बाहेर पडली तर काय? आमच्यापैकी एकीचं दुसरीत विलीनीकरण होणार अशी चर्चा आहे, म्हणून विचारतेय.

दीपमाळ

हे आत्ताच विचारलंत ते बरं झालं. नोंद काढली की नवीन लॉगिन थांबतात, पण भांडारात त्या संस्थेच्या लोकांची खाती, त्यांनी चढवलेला डेटा आणि त्यांना दिलेले अधिकार तसेच राहतात. आधीच सुरू असलेली सत्रंही चालू राहतात, ती सेवेला वेगळी तोडावी लागतात. विलीनीकरणात माणसं तीच असतात पण ओळखी बदलतात. त्यासाठी दोन्ही संस्थांच्या नोंदी काही काळ एकत्र चालू ठेवा, आणि माणसाला जुन्या खात्याने आणि नव्या खात्याने पाठोपाठ लॉगिन करायला लावून जोडणी करून घ्या. नाव किंवा मेल सारखा दिसला म्हणून आपोआप जोडू नका.

तळटीप

त्यात एक भर. मेलचा पत्ता ओळख म्हणून वापरू नका, कारण तो पुढे दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. २०१९ मध्ये सॅमलसाठी नवी ओळखलक्षणं प्रमाणित झाली, त्यात एकदा दिलेली ओळख पुन्हा कुणाला देऊ नये अशी स्पष्ट अट आहे. त्यातलं जोडीनिहाय लक्षण घेतलंत तर एकाच माणसाला प्रत्येक सेवेत वेगळी ओळख मिळते, त्यामुळे दोन सेवा आपसांत त्याचा माग काढू शकत नाहीत. भांडाराला मात्र सामायिक लक्षण लागेल, कारण संशोधकाचं श्रेय सगळ्या सेवांमध्ये एकाच नावावर जमा व्हायला हवं.

आणि बाहेर पडलेल्या संस्थेचं डोमेन. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी जुन्या डोमेनचं नूतनीकरण कुणी करत नाही, आणि ते बाजारात विकायला येतं. विकत घेणाऱ्याने त्याच डोमेनवर नोंदणीचा अर्ज केला तर तुमची डोमेन-पडताळणी त्याला पास करेल, आणि जुन्या संशोधकांच्या ओळखी त्याला नव्याने बनवता येतील. म्हणून वापरून झालेल्या स्कोपची एक कायमची यादी ऑपरेटरकडे ठेवा. त्या यादीतल्या डोमेनवरून अर्ज आला तर मूळ संस्थेच्या वारसाने लेखी होकार दिल्याशिवाय तो पुढे सरकायचा नाही, असं तुमच्या नोंदणी-निवेदनातच लिहून टाका.